कैसरियातली खुशामत आणि आमच्याकडचे निरोप समारंभ

आमच्या चर्चमध्ये पाळकांची बदली झाली की निरोप समारंभ ठरलेलाच. शाल, पुष्पगुच्छ, एखादी फ्रेम (त्यात बहुतेक वेळा तेविसावं स्तोत्र) आणि मग भाषणं. भाषणांना अंत नसतो, कारण कमिटी, महिला मंडळ, तरुण संघ, संडे स्कूल, क्वायर अशा प्रत्येकाकडून एक जण बोलणार म्हणजे बोलणारच, आणि तिकडे मागच्या बाजूला बिर्याणीचं झाकण उघडलेलं असतं त्यामुळे पोरांचं आणि खरं तर मोठ्यांचंही लक्ष तिकडेच. तर मागच्या समारंभात एकाने पाळकसाहेबांना "आजच्या काळातले पौल" (म्हणजे थेट बायबलमधला प्रेषित, ज्याची पत्रं आपण वाचतो तो) करून टाकलं, एका बाईंनी त्यांच्या मिसेसना थेट पौलाची सहकारी प्रिस्किल्ला हिच्या शेजारी नेऊन बसवलं, आणि एक काका म्हणाले की या मंडळीला असा पाळक आधी कधी मिळाला नाही आणि पुढेही मिळणार नाही. हे बोलताना पहिल्याच रांगेत दोन माजी पाळक बसलेले आणि त्यांच्या शेजारी नवीन येणारे पाळक, पण काका फॉर्मात होते, कोण थांबवणार. जेवणं झाल्यावर गेटपाशी गाड्या काढताना तेच काका हेल्मेटचा पट्टा लावता लावता म्हणाले, "सुटलो बाबा एकदाचे."

माझी भाची शेजारीच होती, बारावीत आहे, कान तिखट. म्हणाली, "आत्या, मग आतलं खरं की गेटवरचं?" मी म्हटलं बस आधी गाडीवर, पण प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याचं उत्तर "लोक असेच असतात गं" एवढंच देऊन भागत नाही, निदान स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी तरी.

सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे खरं बोललं की कौतुक आणि खोटं बोललं की खुशामत. लहानपणी संडे स्कूलमध्ये आम्हाला साधारण हेच शिकवलं आणि लहान पोरांसाठी ते ठीक आहे, पण बायबल उघडून बसलं की हे उत्तर पुरत नाही. मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय बघा. परूशी (कर्मठ यहुदी) आणि हेरोदी (हेरोद राजघराण्याचे समर्थक) मिळून येशूकडे येतात (एरवी या दोघांचं एकमेकांशी अजिबात पटायचं नाही, म्हणजे काम किती महत्त्वाचं असेल बघा) आणि सुरुवात काय करतात, तर गुरुजी आम्हाला ठाऊक आहे की आपण खरे आहात, कोणाची भीड धरत नाही, तोंड पाहून बोलत नाही, देवाचा मार्ग खरेपणाने शिकवता. आता यातलं एक एक वाक्य तपासून बघा. खोटं कुठलंय? एकही नाही. येशूचं यापेक्षा नेमकं वर्णन एखाद्या शिष्यालाही जमलं नसतं. आणि तरीही ती शंभर टक्के खुशामत, कारण लगेच पुढचा प्रश्न येतो, कैसराला, म्हणजे रोमी सम्राटाला, कर द्यावा की नाही? हो म्हणावं तर लोक बिथरणार, नाही म्हणावं तर रोमी सरकार उचलणार. नीतिसूत्रांच्या 29व्या अध्यायात म्हटलंय की जो शेजाऱ्याची खुशामत करतो तो त्याच्या पायांपुढे जाळं पसरतो. इथे ते जाळं सगळं खऱ्या शब्दांनी विणलंय, एवढाच फरक.

म्हणजे शब्द तपासून कळत नाही. मग कशावरून कळतं?

मला या विषयावर बायबलमधली दोन दृश्यं फार आवडतात आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच गावातली आहेत, कैसरियातली. समुद्रकाठचं शहर, मोठ्या हेरोदाने बांधलेलं, रोमी सुभेदाराचं ठाणं.

पहिलं दृश्य इसवी सन 44 चं. राजा आहे हेरोद अग्रिप्पा, मोठ्या हेरोदाचा नातू, ज्याने याकोबाला तलवारीने मारलं आणि पेत्राला तुरुंगात टाकलं तो. सोर आणि सीदोनच्या लोकांवर तो भडकलेला होता आणि त्यांच्या प्रदेशाला धान्य याच्याच मुलखातून जायचं. हे प्रेषितांची कृत्ये बाराव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली या एका ओळीत आहे. पोटाचा प्रश्न होता. मग त्यांनी राजाच्या खोलीवरच्या कामदाराला, ब्लास्त नाव त्याचं, आधी वश करून घेतलं (साहेबांच्या आधी पीएला गाठायचं ही पद्धत किती जुनी आहे बघा), आणि ठरलेल्या दिवशी राजा राजवस्त्र घालून आसनावर बसून भाषण करायला लागला तसे लोक ओरडले की ही देवाची वाणी आहे, माणसाची नाही. जोसेफस या यहुदी इतिहासकाराने हाच प्रसंग वेगळा लिहून ठेवलाय आणि त्यात वस्त्राचंही वर्णन आहे, पूर्ण चांदीच्या धाग्याचं, सकाळचं पहिलं ऊन त्यावर पडलं आणि ते असं काही झळाळलं की बघणाऱ्यांना धडकीच भरली. जोसेफस म्हणतो की खुशामत करणारे चहूबाजूंनी त्याला देव म्हणायला लागले आणि राजाने त्यांना ना दटावलं ना ती स्तुती नाकारली. त्याचं पोट तिथेच दुखायला लागलं आणि पाच दिवसांत तो गेला. प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक लिहितो की त्याने देवाला गौरव दिला नाही म्हणून देवदूताने त्याला मारलं.

आता इथे मला एक सांगायचंय जे प्रवचनात सहसा सांगत नाहीत. शिक्षा कोणाला झाली? ओरडणाऱ्यांना नाही. ज्यांच्या पोरांची भाकरी राजाच्या मर्जीवर होती त्यांच्यावर देवदूत धावून गेला नाही. ज्याने ती आरोळी ऐकली आणि गालातल्या गालात हसून घेतली, त्याच्यावर गेला. आपण लाळघोट्या माणसाला फार लवकर नावं ठेवतो, पण बऱ्याच वेळा तो बिचारा अडलेला असतो, कॉन्ट्रॅक्टवरचा असतो, त्याची पोरगी मिशनच्या शाळेत ॲडमिशनसाठी वेटिंगवर असते. ज्याच्या ऑफिसात स्तुती केल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही त्याला आपण काय म्हणतो? साहेब म्हणतो.

दुसरं दृश्य त्याच गावात, साधारण तेरा-चौदा वर्षांनी. सुभेदार आहे फेलिक्स. हा मूळचा गुलाम, मुक्त झालेला, त्याचा भाऊ पल्लास क्लौद्य कैसराच्या दरबारात मोठा माणूस म्हणून याला ही पोस्टिंग. टॅसिटस या रोमी इतिहासकाराने त्याच्याबद्दल लिहिलंय की याने राजाची सत्ता गुलामाच्या वृत्तीने वापरली, आणि क्रूरपणा आणि वासना यांत काही बाकी ठेवलं नाही. जोसेफस सांगतो की योनाथान नावाचा प्रमुख याजक त्याला कारभार नीट कर म्हणून सारखं टोकायचा तर याने त्याला मारेकऱ्यांकडून संपवलं. म्हणजे खरं बोलणाऱ्याचं काय होतं हे यरुशलेमात सगळ्यांना माहिती होतं.

आणि अशा माणसासमोर पौलावरच्या खटल्यात प्रमुख याजक हनन्या आणि वडीलजन एक वकील घेऊन येतात, तिर्तुल्ल. त्याची सुरुवात कृत्यांच्या चोविसाव्या अध्यायात आहे, नक्की वाचा, कारण तुम्हाला ती कुठल्या तरी उद्घाटनात ऐकल्यासारखी वाटेल. फेलिक्स महाराज, आपल्यामुळे आम्हाला फार शांतता लाभली आहे, आपल्या दूरदृष्टीने या राष्ट्रात सुधारणा होत आहेत, आम्ही ते सर्व प्रकारे, सर्वत्र, पूर्ण कृतज्ञतेने मान्य करतो. आणि मग तो जगप्रसिद्ध वाक्यप्रकार, की आपला जास्त वेळ घेत नाही. शांतता! ज्या माणसाच्या राज्यात खंजीरवाले मारेकरी भर गर्दीत मुडदे पाडत होते त्याच्या तोंडावर शांतता. तिर्तुल्लाला ते खोटं आहे हे माहिती, हनन्याला माहिती, फेलिक्सलाही माहिती, तरी सगळे गंभीर चेहऱ्याने उभे. हे सगळं कशासाठी, तर एका माणसाला संपवण्यासाठी, ज्याला तो पुढच्याच वाक्यात पीडा म्हणतो.

मग सुभेदाराने खुणावल्यावर पौल बोलतो. पौलालाही गरज होतीच की, जीव त्याचा टांगणीला होता, दोन गोड शब्द टाकले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. तो एवढंच म्हणतो की आपण पुष्कळ वर्षं या राष्ट्राचे न्यायाधीश आहात हे मला माहीत आहे म्हणून मी आनंदाने माझी बाजू मांडतो. संपलं. फेलिक्सबद्दल खरं आणि आदराने बोलता येण्यासारखं जेवढं होतं तेवढं त्याने शोधून काढलं आणि त्याच्यापुढे एक पाऊल टाकलं नाही. उद्धटपणाही केला नाही, हे महत्त्वाचं, कारण आपल्यातले काही लोक खुशामत नको म्हणून डायरेक्ट पाणउतारा करायला लागतात आणि वर मी स्पष्टवक्ता आहे म्हणतात.

पुढची गोष्ट जास्त भारी आहे. काही दिवसांनी फेलिक्स बायकोला घेऊन पौलाचं ऐकायला येतो. बायको कोण, तर द्रुसिल्ला. म्हणजे त्या चांदीच्या झग्यातल्या हेरोद अग्रिप्पाची धाकटी मुलगी, बाप गेला तेव्हा सहा वर्षांची होती ती. एमेसाच्या राजाशी तिचं लग्न झालेलं, ते मोडायला लावून फेलिक्सने तिला आणलेली. आणि या जोडप्यासमोर पौल कुठला विषय काढतो? नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय. फेलिक्स घाबरला आणि म्हणाला आता जा, सवड झाली की बोलावीन. लूक हेही लिहून ठेवतो की पौलाकडून काही पैसे सुटतील या आशेने तो त्याला वरचेवर बोलवायचा. दोन वर्षं अशी गेली. पौलाने ना पैसे दिले ना मस्का लावला, आणि फेलिक्सची बदली झाली तेव्हाही तो आतच होता. खुशामत न केल्याचं बक्षीस लगेच मिळतं असं बायबल कुठेच म्हणत नाही, हे विश्वास ठेवला की भरभराट होणारच असं शिकवणाऱ्या आपल्या प्रॉस्पेरिटीवाल्या ब्रदर लोकांनी जरा लक्षात घ्यावं. (तिर्तुल्ल लोकांच्या कृतज्ञतेचं पुढे काय झालं? फेलिक्स पायउतार झाल्यावर कैसरियातले यहुदी पुढारी त्याची तक्रार घेऊन थेट रोमला नीरोकडे गेले. भावाच्या वशिल्याने वाचला.)

आता येशूकडे येऊ, कारण माझ्या भाचीच्या गेटवाल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडतं.

लूकच्याच शुभवर्तमानाचा सातवा अध्याय. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे आणि त्याचा धीर सुटत चाललाय, त्याने दोन शिष्यांना पाठवून विचारलंय की येणारे ते (म्हणजे ज्याची वाट पाहत होतो तो ख्रिस्त) आपणच की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी. येशू त्या निरोप्यांना काय सांगतो? आंधळे बघतात, पांगळे चालतात, जे पाहिलं आणि ऐकलं ते जाऊन सांगा, आणि माझ्याविषयी जो अडखळत नाही तो धन्य. योहानाचं कौतुक, एक शब्द नाही. उलट शेवटच्या वाक्यात थोडा चिमटाच आहे. आणि मग लूक मुद्दाम नोंदवतो की योहानाचे निरोपे गेल्यावर येशू लोकांशी योहानाविषयी बोलू लागला. गेल्यावर! रानात काय बघायला गेला होता, वाऱ्याने हलणारा बोरू? तलम कपड्यातला माणूस? तसले राजवाड्यात असतात. संदेष्टा ना, मी सांगतो संदेष्ट्याहून मोठा, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी नाही.

आमच्या गेटवर जे चालतं त्याच्या हे बरोब्बर उलटं आहे. आपण समोर शाल घालतो आणि पाठ वळली की सालपटं काढतो. येशूने समोर कामाचं आणि थोडं टोचणारं बोलून घेतलं आणि पाठ वळल्यावर तोंड भरून वाखाणलं, तेही अशा दिवशी ज्या दिवशी त्या माणसाच्या विश्वासाला तडा गेला होता आणि ऐकणारा एखादा म्हणू शकला असता की बघा, तुमच्या योहानाचीच आता खात्री राहिली नाही.

त्याच अध्यायात वर शताधिपतीची, म्हणजे शंभर सैनिकांवरच्या अधिकाऱ्याची, गोष्ट आहे. तिथे यहुदी वडीलजन येऊन शिफारस करतात की हा माणूस लायक आहे, आपल्या राष्ट्रावर प्रेम करतो, आपलं सभास्थान त्यानेच बांधून दिलंय. अगदी डोनेशनच्या पावतीसकट कौतुक. तो शताधिपती मात्र स्वतः मित्रांना पाठवून कळवतो की मी लायक नाही, आपण माझ्या घरी यावं एवढी माझी योग्यता नाही. आणि येशू थक्क होऊन मागच्या गर्दीकडे वळून म्हणतो की एवढा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही. लूकच्या सांगण्याप्रमाणे शताधिपती तिथे नव्हताच. मंदिरात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचंही तसंच, येशूने शिष्यांना जवळ बोलावून तिच्याबद्दल सांगितलं, तिला हाक मारून स्टेजवर घेतलं नाही. जगातल्या सगळ्या चर्चमध्ये दोन हजार वर्षं तिचं नाव निघतंय (खरं म्हणजे नावही माहीत नाही) आणि ती आपली घरी निघून गेली असेल, संध्याकाळी चुलीत काय घालायचं या विचारात.

खुशामत अशी करताच येत नाही. माणूस समोर नसेल तर तिचा उपयोगच काय? ज्याच्याकडून काम काढायचं त्याच्या कानावर पडलीच पाहिजे, नाहीतर अख्खी मेहनत पाण्यात. कोणी कोणाची गुपचूप, त्याच्या अपरोक्ष, त्याला कधीच कळणार नाही अशा ठिकाणी खुशामत केल्याचं तुम्ही ऐकलंय का? म्हणून मी भाचीला नंतर हेच सांगितलं की आतलं भाषण खरं की खोटं ते सोड, काकांनी गेटवर काय म्हटलं त्यावरून आतल्या भाषणाची किंमत कर.

अर्थात मला एक कबूल करायला हवं की योहानाच्या गोष्टीत मला नेहमी थोडं वाईट वाटतं. अंधारकोठडीत बसलेल्या माणसाच्या कानावर ते दोन शब्द पडले असते तर काय बिघडलं असतं? सगळंच अपरोक्ष ठेवलं तर ज्याला आधार हवा त्याला कधी मिळणार? इथे मला पौलाची पद्धत फार हुशारीची वाटते. तो बहुतेक पत्रांच्या सुरुवातीला लोकांचं कौतुक करतो पण ते करतो देवाशी बोलताना, आणि ते बोलणं पत्रात लिहून टाकतो. तुमच्या विश्वासाचं काम, प्रीतीचे श्रम, आशेतली चिकाटी यांची आम्ही देवापुढे सतत आठवण करतो, असं थेस्सलनीकाकरांना तो लिहितो आणि शेवटी बजावतो की हे पत्र सगळ्या बंधूंना वाचून दाखवा. म्हणजे तिथला एखादा तंबू शिवणारा किंवा हमाल मंडळीत बसून ऐकतोय की पौल त्याच्याबद्दल देवाचे आभार मानतोय. कौतुक पोचलं, आणि फुगायला जागाही उरली नाही कारण आभार तर देवाचे आहेत. आणि याच पत्रात पुढच्या अध्यायात तो छातीठोकपणे म्हणतो की आम्ही कधीही खुशामतीचं बोललो नाही, हे तुम्हाला माहीत आहे, आणि लोभासाठी कसलं निमित्तही केलं नाही. एकाच पत्रात मनसोक्त कौतुक आणि खुशामत न केल्याचा दावा, आणि तो दावा कोणी खोडून काढला नाही.

करिंथकरांच्या बाबतीत तर कमालच आहे. सुरुवातीला त्यांच्या वक्तृत्वाबद्दल आणि ज्ञानाबद्दल देवाचे आभार, आणि मग सोळा अध्यायांचं पत्र, त्यात गटबाजीपासून कोर्टकचेरीपर्यंत सगळी धुलाई. अकराव्या अध्यायात तो म्हणतो, मी तुमची वाहवा करतो, आणि थोडं पुढे प्रभुभोजनाचा विषय निघाला, की कोणी भुकेला राहतो आणि कोणी पिऊन झिंगतो, तर म्हणतो, तुमची वाहवा करू काय? याबाबत नाही करत. ज्याला "नाही करत" म्हणता येतं त्याच्याच "करतो"ला वजन. आमच्या ग्रुपवर तेच तीन जण प्रत्येक फोटोखाली, प्रत्येक प्रवचनाच्या क्लिपखाली, प्रत्येकाच्या पोराच्या कराटेच्या मेडलखाली "ग्लोरी! ऑसम! आशीर्वादित झालो!" टाकतात, त्याने कोणाचं बरं झालंय मला माहीत नाही. नीतिसूत्रांच्या 27व्या अध्यायात एक वचन आहे की पहाटे उठून जो मोठमोठ्याने शेजाऱ्याला आशीर्वाद देतो तो त्याला शापासारखाच वाटतो. साडेपाच वाजता गुलाबाच्या फुलावर वचन लिहून पाठवणाऱ्या बंधुभगिनींना हे मी एकदा पाठवणार आहे, बहुतेक गुलाबाच्या फुलावरच.

बाकी रोमकरांसचा सोळावा अध्याय, जो नुसती नावांची यादी म्हणून आपण पटापट वाचून टाकतो, तो कौतुक कसं करावं याचा उत्तम नमुना आहे. किंख्रियाच्या फिबीने पुष्कळांना आणि मलाही साहाय्य केलं. प्रिस्का (म्हणजे तीच प्रिस्किल्ला) आणि अक्विला यांनी माझ्या जिवासाठी स्वतःची मान पुढे केली. पर्सिसने पुष्कळ श्रम केले. रूफाची आई मलाही आईसारखीच. प्रत्येकाला त्याचं त्याचं, एका ओळीत, काय केलं ते. कोणी महान नाही, कोणी आदर्श नाही, कोणी युगपुरुष नाही. "रूफाची आई मलाही आईसारखी" या एका वाक्यात किती वेळा वाढलेलं ताट आणि किती वेळा धुतलेले कपडे असतील. आमच्या समारंभात एवढ्या भाषणांत एक संडे स्कूलची टीचर तेवढं असं बोलली. ती म्हणाली, माझे मिस्टर ॲडमिट असताना पाळकसाहेब रात्री अकरा वाजता डबा घेऊन आले होते आणि प्रार्थना करून लगेच गेले, बसले नाहीत. दोन मिनिटांत खाली उतरली. टाळ्याही कमीच पडल्या. पण पाळकसाहेबांनी तेवढ्याच वेळी मान खाली घातली, पौल म्हटलं तेव्हा ते छान हसत होते.

आता दुसऱ्या बाजूचाही एक रोग आहे आणि आपल्या मराठी घरांत तो जास्त आहे असं माझं मत. खुशामत नको म्हणून कौतुकच नको. पोराला ब्याण्णव टक्के पडले तर उरलेले आठ कुठे गेले. चांगलं म्हटलं की डोक्यावर चढेल. आणि ख्रिस्ती घर असेल तर त्यावर आध्यात्मिक मुलामा, की गौरव फक्त देवाला, माणसाला नको. क्वायरमधले पेटी वाजवणारे एक अंकल आहेत, नाताळाच्या आधी महिनाभर रोज रात्री प्रॅक्टिस घेतात, त्यांना कोणी छान वाजवलंत म्हटलं की शेजारचा कोणीतरी हटकून म्हणणार, देवाला गौरव असो ब्रदर, आणि बिचारे अंकल कसनुसं हसून पेटी झाकायला लागतात. अहो, मत्तयच्या 25व्या अध्यायात धनी परत आल्यावर दासाला काय म्हणतो? शाबास, भल्या व विश्वासू दासा. स्वर्गात शाबासकी चालते आणि आपल्याच हॉलमध्ये चालत नाही? बर्णबाचं खरं नाव योसेफ, प्रेषितांनी त्याला बर्णबा म्हणायला सुरुवात केली ती तो लोकांना धीर द्यायचा म्हणून, आणि पौलाला यरुशलेमात कोणी जवळ करत नव्हतं तेव्हा प्रेषितांकडे जाऊन त्याच्याबद्दल चार चांगले शब्द याच माणसाने टाकले. ते झालं नसतं तर पत्रं लिहायला पौल कुठल्या मंडळीत राहिला असता कोण जाणे.

प्रेम आणि स्पष्टपणा एकाच तोंडात राहू शकतात का असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच घरातली लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे पुन्हा काढून वाचावीत. रेव्हरंड टिळक म्हणजे मराठी ख्रिस्ती लोकांचं केवढं मोठं नाव, उपासनेत त्यांची गीतं आपण आजही गातो, आणि त्यांची बायको त्यांचा तापटपणा, लहर, संसारातला बेहिशेबीपणा सगळं हसत हसत मांडून ठेवते. ते वाचून टिळक कोणालाच लहान वाटत नाहीत. उलट त्यांच्यावर लिहिलेल्या गौरवपर लेखांपेक्षा त्या पुस्तकातले टिळक जास्त जवळचे वाटतात, कारण एवढं सगळं बघितलेल्या बाईचा जीव त्या माणसावर होता हे पानापानावर दिसतं.

राहता राहिलं, आपलीच कोणी खुशामत केली तर काय करायचं. याबद्दल मला फार काही सांगता येणार नाही, कारण माझ्याकडून कोणाची कामं होण्यासारखी माझी पोस्ट नाही. पण मार्कच्या त्या गोष्टीत येशूने काय केलं ते बघण्यासारखं आहे. तुम्ही खरे आहात, भीड धरत नाही वगैरे ऐकून घेतल्यावर त्याने "छे छे, मी कुठला" असं म्हटलं नाही (हा नम्रपणाचा खेळ आपल्याकडे फार रंगतो, समोरचा मग आणखी दोन विशेषणं लावतो), आणि थँक्यूही म्हटलं नाही. त्या स्तुतीला तो शिवलाच नाही. माझी परीक्षा का पाहता म्हणाला आणि नाणं मागितलं.

आमच्या चर्चचे खजिनदार काका साधारण याच शाखेतले. परवा एक जण त्यांना गाठून सुरू झाला, काका तुमच्यासारखा हिशोब या चर्चमध्ये कोणी ठेवला नाही, तुम्ही होता म्हणून मंडळी तरली, तुमच्यानंतर कसं होणार. काका चष्मा पुसत सगळं ऐकत होते. त्याचं संपल्यावर चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "बरं. हॉल कुठल्या तारखेला पाहिजे?"